नक्की काय सांगता येतं?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७ व ४८, आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या

आजचा श्लोक पाठ नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. तो शाळेच्या भिंतीवर असतो, कॅलेंडरवर असतो, अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मॅनेजरच्या तोंडीही असतो. इंजिनिअरिंगला असताना मी तो हॉस्टेलच्या कपाटावर चिकटवला होता. विषय राहिला की त्याच्याकडे बघून समाधान करून घ्यायचं. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट पुढे पुढे ऐकू येईनाशी होते, तसं माझं झालं होतं.

तो मला पहिल्यांदा खरोखर ऐकू आला गेल्या ऑक्टोबरात. आमच्या सोसायटीच्या जिन्यात, रात्री साडेनऊच्या सुमाराला, माझ्या सात वर्षांच्या लेकीसमोर. आज तेच लिहितो आहे. आधी बायकोला वाचून दाखवलंय. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि मग म्हणाली, "लिही."

गेल्या आषाढात, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच आठवड्यात, तिच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर. आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, मग गोळी, असा क्रम डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला. घरात सात वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा मुलगा. माझे आईवडील गावी, सासूबाई इथेच आमच्याजवळ राहायला आल्या.

मी काय केलं, तर मला जे येतं ते केलं. एक्सेल शीट उघडली. कुठली तपासणी कधी, कुठलं औषध किती वाजता, इन्शुरन्सचे कोणते कागद गेले, कोणते राहिले, मुलाला प्ले ग्रुपला कोण सोडणार. केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटात द्यायचं पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन असतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, देण्याआधी थोडा वेळ बाहेर काढायचं. ते द्यायला मी शिकलो. पहिल्यांदा देताना माझा हात थरथरत होता आणि तीच मला म्हणत होती, "अरे टोच, मी काही फुटणार नाही."

आणि ह्या सगळ्याबरोबर मी आणखी एक काम करत होतो. सगळ्यांना "नक्की" सांगायचं. सासूबाईंना सांगायचो, "आई, नक्की बरी होणार ती." बायकोला सांगायचो, "काही होत नाही तुला, नक्की." लेकीला तर जरा जास्तच सांगून बसलो. पहिल्या केमोच्या दिवशी ती शाळेत जायला तयार नव्हती. तिला समजवायच्या घाईत मी म्हणालो, "तू शहाण्यासारखी वाग, रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून शुभंकरोती म्हण, की आई नक्की बरी होणार." ती शाळेत गेली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दुसऱ्या केमोनंतर दहावा दिवस. दिवाळी दहा दिवसांवर आलेली. हे दिवस नाजूक असतात. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं, त्यात कॅन्सरच्या पेशी असतात, तशाच केसांच्या मुळाच्या आणि रक्त तयार करणाऱ्याही असतात. म्हणून केस जातात आणि म्हणूनच पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या सुमाराला ताप १००.४ च्या वर गेला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, वेळ कुठलीही असो, सरळ निघायचं, असं आम्हाला बजावून ठेवलं होतं. रात्री पावणेबाराला थर्मामीटर १०१.२ दाखवत होता. सासूबाईंना उठवलं, बॅग तयारच होती, निघालो. रक्त तपासलं, पेशी फारच खाली गेलेल्या. लगेच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. लहान मुलांना आत येण्याची परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी रात्री आंघोळीला आणि कपडे न्यायला घरी आलो. दार उघडून सासूबाई हळूच म्हणाल्या, "अहो, ही सकाळपासून नीट जेवलेली नाही. विचारलं तर काही बोलत नाही. आत्ता जिन्यात जाऊन बसली आहे."

मी जिन्यात तिच्याशेजारी बसलो. बराच वेळ ती चपलेचा बेल्ट काढत-लावत होती. मग म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे झालं ना?"

मला काही कळेना. तिने सांगितलं. आदल्या दिवशी ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. दमून आली आणि तशीच झोपली. शुभंकरोती राहिलं. आणि त्याच रात्री आईला ताप आला. नंतर कळलं, तिने वहीच्या मागच्या पानावर चौकोन आखले होते आणि रोज म्हणून झालं की बरोबरची खूण करत होती. एक चौकोन रिकामा राहिला होता.

तुम्हाला सांगतो, आईचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशीही माझ्या पायातलं बळ इतकं गेलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर तिच्या आईचा जीव मी ठेवला होता. कुठल्या दुष्ट हेतूने नाही, सकाळी शाळेची बस चुकू नये म्हणून.

माझ्या तोंडात पुन्हा तेच येत होतं. "छे गं, आई नक्की बरी होणार." पण ह्या वेळी ते बाहेर पडेना. आणि तेव्हा हा श्लोक आठवला. त्याचा नेहमीचा, सगळ्यांना येणारा भाग नव्हे, पुढचा.

ह्या एका श्लोकात भगवंत चार गोष्टी सांगतात. पहिली, तुझा हक्क काम करण्यावर आहे. दुसरी, फळावर तो नाही. इथपर्यंत आपण सगळे येतो आणि थांबतो. तिसरी गोष्ट फळाच्या हेतूविषयीची आहे. फळावर डोळा ठेवून काम करू नकोस, असा तिचा रूढ अर्थ. पण फळाला कारण मीच, असं स्वतःला मानू नकोस, असाही अर्थ काही जण लावतात. आणि चौथी, म्हणून काम सोडून बसण्याचीही ओढ धरू नकोस.

ती तिसरी गोष्ट माझ्या लेकीसाठीच सांगितल्यासारखी वाटली. फळाला कारण तू नाहीस, बाळा.

मग मी तिला खरं सांगितलं. आईच्या अंगात शिपाई असतात, औषधाने वाईट पेशी मरतात तसे काही शिपाईही मरतात, म्हणून ताप आला. डॉक्टरांना आधीच माहीत होतं की असं होऊ शकतं. तू शुभंकरोती म्हटलंस म्हणून ताप थांबला नसता आणि राहिलं म्हणून आला नाही. बाबांनी तुला चुकीचं सांगितलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. "मग आई बरी होणार ना? नक्की?"

मी म्हणालो, "ते मला नक्की माहीत नाही. डॉक्टर चांगले आहेत, औषध चालू आहे, आपल्या सगळ्यांना तसंच वाटतंय. पण नक्की असं मला सांगता येत नाही. नक्की काय ते सांगू का? उद्या सकाळी मी घरी येणार आणि तुझी वेणी घालून तुला शाळेत सोडणार. रोज संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल लावून देणार. आणि आईचं काही कमीजास्त झालं तर तुझ्यापासून लपवणार नाही."

ती रडली. मीही रडलो. मग नाक पुसत म्हणाली, "वेणी नीट घालशील?"

"प्रयत्न करीन."

"प्रयत्न नको. नक्की सांग."

"घालीन नक्की. नीट होईल की नाही, ते माहीत नाही."

ती हसली. खिचडी थोडी खाल्ली. दुसऱ्या दिवशीची वेणी वाकडीच झाली, पण झाली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्याबरोबर आहे. आजचं चिंतन त्याच्यावरच. आपल्या माणसाला धीर देताना आपण कशाचं वचन देऊ शकतो? फळावर माझा हक्क नसेल, तर जे माझं नाही ते मी दुसऱ्याला देऊन कसा मोकळा होतो? माझ्या खात्यात नसलेल्या पैशांचा चेक लिहिण्यासारखंच ते. आमच्या कामात क्लायंट तारीख मागतो तेव्हा आम्ही शंभर अटी घालतो. आणि घरी, जिथे काहीच हातात नाही तिथे, बेधडक "नक्की" म्हणून टाकतो.

कुणी म्हणेल, अरे, धीर द्यायला एवढं चालतं. आशा नको का माणसाला? आशा हवीच. मी स्वतः तिच्यावरच तर चाललो होतो. पण आशा आणि हमी ह्यांत फरक आहे, आणि तो मला बायकोने शिकवला.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, एका रात्री मुलं झोपल्यावर, जिन्यातली गोष्ट मी तिला सांगितली. मला वाटलं तिला वाईट वाटेल की मी मुलीला "माहीत नाही" म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू मला रोज नक्की बरी होशील म्हणायचास ना, तेव्हा मला फार एकटं वाटायचं. मला भीती वाटतेय, हे मग मी कुणाला सांगायचं? तुला सांगितलं तर तुझं नक्की मोडेल, म्हणून मी तुलाच सांभाळत होते."

मी शीट सांभाळत होतो आणि ती मला सांभाळत होती. वर सलाइनही तिलाच. मी जे "नक्की" देत होतो ते बरंचसं माझ्यासाठी होतं. तिची भीती ऐकायला लागू नये म्हणून मी दार लावून घेत होतो. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. मुलांचं काय, तिच्या दागिन्यांचं काय, तिला काय काय बघायचं आहे, सगळं. मी एकदाही "असं बोलू नकोस" म्हणालो नाही. फार कठीण गेलं.

नंतर बारा आठवडे दर आठवड्याची केमो होती. त्यात तिच्या बोटांच्या टोकांना बधिरपणा आला. मुलाच्या शर्टाची बटणं तिला लावता येईनात. लेक लावायची. ह्याच दिवसांत डे-केअरमध्ये सोलापूरकडचे एक काका भेटायचे. गळ्यात तुळशीची माळ. बायकोच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणायचे. माझ्यासारखं पुस्तक उघडून चिंतन लिहिणाऱ्यातले नव्हते, मुरलेले वारकरी होते. संक्रांतीनंतर ते दोघं दिसेनात. मग एके दिवशी काका औषधांच्या दुकानात भेटले. न फोडलेली औषधं परत करायला आले होते. काय झालं ते विचारायची गरजच नव्हती.

माझ्या हातात त्यांनी एक पिशवी दिली. आत दोन लोकरीच्या टोप्या, नव्या कोऱ्या. "तिनं घातल्याच न्हाईत. तुमच्या मंडळींना चालत्याल का बघा. न्हाय चाललं तर ऱ्हाऊ द्या." मी काय बोलावं कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, तुम्ही खूप केलंत." ते म्हणाले, "करायचं त्ये केलं. शेवटाला जवळ हुतो, हात हातात हुता. आता बाकीचं त्याच्याकडं."

घरी आल्यावर मी ती पिशवी गाडीच्या डिकीतच ठेवली. शकुन-अपशकुन मी मानत नाही असं इतकी वर्षं म्हणत आलो, आणि दोन टोप्यांना भिऊन बसलो. दोन दिवसांनी बायकोला सांगितलं. तिने त्यातली निळी टोपी घातली आणि उरलेल्या सगळ्या केमोंना तीच घालून आली.

पुढे रेडिएशनचे पंधरा दिवस झाले. मे महिन्यातल्या तपासण्या चांगल्या आल्या. पेढे वाटले. नातेवाइकांचे फोन आले. कुणी म्हणालं, तुमची भक्ती फळाला आली. कुणी म्हणालं, देव चांगल्या माणसांचं वाईट होऊ देत नाही. ऐकताना मला बरं वाटत होतं, खोटं का बोला. आपण सगळं वेळेवर केलं, रोज पारायण केलं, म्हणून हे झालं, असं मनात येतच होतं. आणि लगेच डोळ्यांपुढे ती पिशवी आली. आमच्या भक्तीला फळ आलं असेल, तर काकांची भक्ती कमी पडली का? हे वाक्य त्यांच्या दारात उभं राहून मला म्हणता येईल का? जे वाक्य त्या घरात म्हणता येत नाही, ते मी माझ्या घरात तरी का म्हणावं?

इथे ज्ञानेश्वर माऊलींनी पुढच्या श्लोकावर जे म्हटलंय ते बघा. ते दोन्ही बाजू सांगतात. हाती घेतलेलं काम दैवाने तडीला गेलं तर त्याचा फार आनंद मानू नकोस, आणि काही कारणाने अडलं, राहून गेलं, तर त्याने खवळून जाऊ नकोस. आपण दुसरी बाजू लक्षात ठेवतो, कारण ती दुःखात उपयोगी पडते. पहिली बाजू मी कितीदा वाचून पुढे गेलो असेन. पेढ्यांच्या दिवशी ती आठवली. यशाने फुगायचं नाही, ह्यात विनय आहेच. पण मला वाटतं, ज्याला फळ मिळालं नाही अशा शेजारच्या माणसाची लाज राखणंही त्यात आहे. माझ्या चांगल्या रिपोर्टचं श्रेय मी माझ्या पुण्याला दिलं, की दुसऱ्याच्या वाईट रिपोर्टचा दोष आपोआप त्याच्या पापाला जातो. एक आत्या आमच्याही घरी येऊन "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" म्हणून गेल्या होत्या. त्या दिवशी बायको जेवली नव्हती. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या वागण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभं राहून वाचून दाखवण्यासाठी नाही.

मग प्रार्थना कशाला करायची? हा प्रश्न लेकीनेच विचारला. "शुभंकरोतीने ताप जात नाही, तर म्हणायचं कशाला?" मी विचार करत होतो, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवा लावल्यावर आपण सगळे एका ठिकाणी बसतो की नाही? म्हणून म्हणायचं." मला त्याहून चांगलं उत्तर सुचलेलं नाही. आता ती म्हणते, कधी राहतं. वहीतले चौकोन बंद झाले.

आणि श्लोकातली ती चौथी गोष्ट. फळ हातात नाही तर करायचं कशाला, असं वाटणारे दिवसही आले. तिसऱ्या केमोनंतर ती दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठेवू शकत नव्हती. मी स्वयंपाकघरात भांड्यांच्या ढिगासमोर नुसता उभा होतो, अर्धा तास. काहीच करावंसं वाटेना. तेव्हा कुठलं तत्त्वज्ञान आठवलं नाही. धाकटा येऊन म्हणाला, "बाबा, शी झाली." त्याला धुतलं, मग भांडी घासली. भगवंत कुठल्या तोंडाने बोलेल, सांगता येत नाही.

आता रोज एक गोळी आहे, निदान पाच वर्षं. दर काही महिन्यांनी तपासणी आहे. प्रत्येक तपासणीच्या आधीच्या रात्री आम्हा दोघांना झोप येत नाही. फळ काय, ते आजही ठाऊक नाही. मधूनच माझ्या तोंडून सवयीने "नक्की" निघतं आणि ती भुवई उंचावून बघते. मग मी दुरुस्ती करतो. "बरी राहशील की नाही ते माहीत नाही. उद्या सकाळी तुझ्याबरोबर येतो, ते नक्की."

परवा पुढच्या तपासणीची तारीख आहे. सुट्टी टाकली आहे. सकाळी आधी वेणी घालायची आहे, मग निघायचं.

आजचा संकल्प : आज कुणाला धीर द्यायची वेळ आली, तर फळाची हमी देणार नाही. माझ्या हातून होण्यासारखं एक छोटं काम सांगीन आणि ते करीन.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, जे माझ्या हातात नाही त्याचं वचन देण्याची माझी खोड मोड. जे हातात आहे ते टाळायची बुद्धी देऊ नकोस. ज्या घरात आज फळ आलं नाही, तिथे तू बस. आणि ज्या घरात आलंय, तिथल्या माणसांना त्या घराची आठवण राहू दे.

॥ राम कृष्ण हरी ॥